तंबू कोणता, हा प्रश्न शेवटी

तुम्ही विचारलंय: दोन जोडपी आणि सात वर्षांची मुलगी, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून निघणार, मार्चअखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमधलं जम्बो रॉक्स आणि जुलैत व्हाइट माउंटन्स या डोंगरांमधलं ग्रँडव्ह्यू, अशी दोन कॅम्पग्राउंड, तर तंबू कोणता घ्यावा? तंबूचं शेवटी सांगतो. आधी पाणी.

या दोन्ही कॅम्पग्राउंडवर नळ नाही. टेबल, शेगडीचं कडं आणि खड्ड्याचा संडास, एवढीच काय ती चैन. जोशुआ ट्रीत माणशी दिवसाला किमान 1 गॅलन (पावणेचार लिटरच्या आसपास) धरायला सांगतात. त्यात भांडी आणि हातपाय आलेच, असं समजू नका. पाच माणसं, तीन दिवस म्हणजे 15 गॅलन. आम्ही 20 नेतो. साधारण 75 किलो वजन होतं, तेव्हा गाडीत आधी पाणी चढवा, मग उरलेल्या जागेत बाकीचं सामान. एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका. आमच्या कॅनची तोटी एकदा रात्रभर ठिबकत राहिली आणि सकाळी चहापुरतंही पाणी नव्हतं. त्याच पार्कातल्या ब्लॅक रॉक कॅम्पग्राउंडला नळ आहे म्हणून निभावलं, पण त्या फेरीत अख्खी सकाळ गेली. ताटं आधी टिश्यूने कोरडी पुसून घेतली की धुवायला तांब्याभर पाणी पुरतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट-भात असा बेत ठेवलात तर तेलकट खरकटं फारसं होतच नाही.

आता वारा. वाळवंट म्हटलं की सगळे उन्हाची काळजी करतात, पण मार्चमध्ये पिडतो तो वारा. जम्बो रॉक्सची जमीन म्हणजे जाडी भरड रेती. तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या तिच्यात बोटाने ढकलल्या तरी जातात आणि तितक्याच सहज निघतात. पहिल्या वेळी मी तंबू ठोकला आणि निवांत पोहे भिजवायला बसलो. पाठीमागे फडफड झाली, वळून पाहतो तर तंबू गडगडत निघालेला! शेजारच्या साइटवरच्या कॅटक्लॉच्या झुडपात अडकला म्हणून सापडला. हे झुडूप आपल्या बाभळीच्याच गोतातलं, काटे मांजराच्या नखांसारखे वाकडे. तंबू सोडवताना कापडाला तीन भोकं आणि माझ्या हाताला मोजली नाहीत इतकी. तेव्हापासून उभा केल्याबरोबर चारही कोपऱ्यांत सामान टाकतो आणि दोऱ्या रेतीने भरलेल्या पिशव्यांना बांधतो. फिरायला जाताना वारा असेल तर सरळ तंबू पाडून ठेवतो.

ही जागा सुमारे 4,400 फुटांवर आहे. दुपारी टी-शर्ट, रात्री कानटोपी. स्लीपिंग बॅगवर पैसे घालून खाली पातळ चटई अंथरणारे पुष्कळ पाहिलेत. थंडी खालून चढते. जाड मॅट घ्या, बॅग जरा हलकी चालेल. ब्युटेनच्या डब्यावरची शेगडी शून्याच्या आसपास मान टाकते, त्यामुळे पहाटेच्या चहाला प्रोपेनच बरा.

ग्रँडव्ह्यू 8,600 फुटांवर. पायथ्याच्या बिग पाइन गावावरून गाडी तासाभरात एवढी वर चढते, पण शरीर तेवढ्या वेगाने रुळत नाही. पहिल्या संध्याकाळी डोकं दुखलं तर घाबरू नका; पाणी प्या, हलकं जेवा, लवकर झोपा. उलट्या सुरू झाल्या किंवा दुखणं वाढतच गेलं तर मात्र हट्ट न करता खाली उतरा. तिथे पाणी साधारण 91 अंशांनाच उकळतं, तेव्हा तूरडाळीची खिचडी साध्या पातेल्यात शिजण्याची वाट पाहू नका. आम्ही तासभर पाहिली. भाताचा लगदा झाला आणि डाळ दाताखाली कडकड वाजत होती. छोटा कुकर न्या, एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. नाहीतर मूगडाळ.

आणखी एक. तिथे दुर्बिणी घेऊन आकाश बघणारे येतात, अमावास्येच्या सुमारास तर हमखास. अंधारात गाडीचे दिवे लावून पोचलात तर शिव्या खाल. उजेडी पोचा, टॉर्चला लाल कागद लावा. जुलैतली आकाशगंगा बघायला मुलीला झोपेतून उठवलंत तरी चालेल. सकाळी वर शुलमन ग्रोव्ह या पाइनच्या राईत जा, 4,800 वर्षांहून जुना ब्रिसलकोन पाइन (पाइनचीच एक दीर्घायुषी जात) त्याच रानात आहे. तो नेमका कोणता, हे मुद्दाम गुप्त ठेवलंय; आमच्या लेकीने दर झाडाखाली ‘हाच तो’ म्हणून फोटो काढून घेतला. शेकोटीवर उन्हाळ्यात बरेचदा बंदी असते, निघायच्या आधी बघून घ्या.

पुढे सिएरा नेवाडा डोंगरांच्या बाजूला वळलात तर अस्वलं. खाणंच नव्हे, टूथपेस्टसुद्धा कॅम्पग्राउंडवरच्या लोखंडी पेटीत ठेवा.

आणि तंबू: ‘चार जणांचा’ म्हणून विकतात त्यात दोन मोठी माणसं, एक मूल आणि त्यांच्या पिशव्या मावतात. असे दोन घ्या, बुटके, वरचं कापड जमिनीपर्यंत येणारे. उभं राहता येईल असला उंच तंबू दुकानात छान दिसतो. आमचा पोटमाळ्यावर आहे, हवा असेल तर घेऊन जा.