कृष्णविवराचे पोस्टर करताना

जळगावच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही केलेल्या कच्च्या आराखड्यातील पाण्याचा भोवरा आधी काढून टाका, कारण त्यातून कृष्णविवर सगळेच ओढून घेते असे वाटते; दूरवरून ते तेवढ्याच वस्तुमानाच्या ताऱ्याइतकेच ओढते. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या प्रतिमेतील नारिंगी रंग शास्त्रज्ञांनी निवडलेला आहे. मूळ नोंद १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींची आहे, हे ठळक लिहा. मधला काळा भाग घटना क्षितिजाहून (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या सीमेहून) सुमारे अडीच पट मोठी अशी सावली आहे. तिथे बाण किंवा प्रश्नचिन्ह मुळीच नको. अज्ञात दाखवायचे तर ती जागा रिकामीच सोडण्याचे धैर्य हवे. छपाईत नुसती काळी शाई करडी उतरते, म्हणून तिच्याखाली निळ्या शाईचा थर मागा आणि नमुना मांडवातील उजेडात पाहूनच पुढची छपाई करा.