बीएसएल-३ (जैवसुरक्षा पातळी ३ ची, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या धोकादायक जंतूंवर काम करायची प्रयोगशाळा) चा पहिला प्रस्ताव लिहिताय?

पहिला सल्ला: कोटेशनं मागवायला लगेच धावू नका. नवीन लोक नेमकं तेच करतात.

आधी कामांची यादी करा. कोणता जंतू, आणि त्याचं नेमकं काय करणार? क्षयाच्या थुंकीची जीनएक्सपर्ट तपासणी (यंत्रात जंतूचा डीएनए शोधणारी) करायला बीएसएल-३ लागत नाही. तोच जंतू वाढवून औषधांना दाद देतो का हे पाहायचं असेल तर चित्र बदलतं. अर्धं काम एक पातळी खालच्या बीएसएल-२ मध्ये भागत असेल तर तसं स्पष्ट लिहा. प्रस्ताव तपासणाऱ्या समितीचा विश्वास वाढतो.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, चालवण्याचा खर्च. बांधकामाला एकरकमी अनुदान मिळतं, पण खोलीतला ऋण दाब (हवा बाहेर न जाता आतच ओढली जावी म्हणून बाहेरपेक्षा कमी ठेवलेला दाब) टिकवायला पंखे रात्रंदिवस चालतात. वीज, जनरेटर, हेपा फिल्टर (हवेतले जंतू अडवणारे), दरवर्षीची फेरतपासणी, प्रशिक्षित देखभाल अभियंता: निदान पाच वर्षांची तरतूद कुठून येणार, ते प्रस्तावातच हवं. दाब टिकतोय का ते पाहायची सोपी चाचणी: दाराच्या फटीशी धूर सोडला की तो आत ओढला गेला पाहिजे. तो बाहेर आला, तर काम बंद.

नेहमीच्या चुका:
- छताच्या वर डक्ट (हवा नेणारे मार्ग) आणि फिल्टरसाठी जागाच न ठेवणं
- जैवसुरक्षा अधिकारी इमारत झाल्यावर नेमणं
- शेजाऱ्यांशी उशिरा बोलणं. बोस्टन विद्यापीठाच्या संसर्गजन्य रोगांच्या प्रयोगशाळेची इमारत २००८ मध्ये उभी राहिली; विरोध आणि खटल्यांमुळे बीएसएल-४ ची (सर्वात कडक पातळीची) शेवटची परवानगी २०१७ च्या अखेरीस मिळाली.

दाबाचे आकडे, सांडपाण्याचं निर्जंतुकीकरण वगैरे नंतर पाहू. आधी कामांची यादी पाठवा, मी नक्की वाचेन.