मॅडम, तुमच्या केटलीला करंट येतोय

दहावीचा निकाल लागला की पुढचा महिना-दीड महिना माझ्यासारख्या समुपदेशकाकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "इलेक्ट्रिशियन व्हायचंय. आयटीआय करू, डिप्लोमा करू, की सरळ कुणाच्या हाताखाली लागू?" विचारणारा कधी सोळा वर्षांचा असतो, कधी त्याची आई असते, तर कधी चार-पाच वर्षं वायरी ओढून झालेला गडी. या तिसऱ्या प्रकारातल्या एकाची गोष्ट सांगते. नाव आणि थोडेफार तपशील बदलले आहेत. त्याला सागर म्हणू.

सागर तेवीस वर्षांचा. नाशिकमध्ये काकांबरोबर वायरिंगची कामं करायचा. दहावी पास, पुढे शिक्षण सुटलं. तिथल्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सच्या जागेसाठी गेला होता. तिथल्या माणसाने त्याचं काम पाहिलं, पसंत केलं आणि मग परमिट, म्हणजे वायरिंगचं काम करायचा सरकारी परवाना, मागितलं. ते नव्हतं. घरी येऊन तो आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही, म्हणून आई त्याला घेऊन आली.

"ताई, तुम्हीच सांगा याला. दोन वर्षं शिकून घे म्हणते, तर ऐकत नाही."

सागर माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात तयार आहे माझा. आता बारक्या पोरांच्या बाकावर बसू? म्हणजे आधीची पाच वर्षं फुकटच गेली ना."

मी ज्या पठडीत तयार झाले, तिथे घडलेल्या गोष्टीपेक्षा माणूस स्वतःशी घोळवत असलेल्या वाक्याला जास्त मोल असतं. मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसची ही शिकवण मला वीस वर्षांत क्वचितच तोंडघशी पाडून गेली. सागरचं वाक्य 'फुकट गेली' हे होतं. पण पहिल्या दोन भेटींत मी त्याच्याशी वाद घालत बसले. वाद घालून कुणाचं वाक्य बदलत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीत चहाला आधण ठेवावं म्हणून मी केटली चालू केली. सागर तिचं झाकण सरळ करायला गेला आणि हात झटकला.

"मॅडम, तुमच्या केटलीला करंट येतोय."

"हो, कधी कधी झिणझिण्या येतात," मी म्हटलं. खरं तर दोन महिने येत होत्या.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या क्षणी समुपदेशक कोण, हा प्रश्नच उरला नाही. आधी मेन बंद केला. पिशवीतून टेस्टर काढून सॉकेट मेलं आहे याची खात्री केली, मग प्लेट उघडली. आत काळ्या वायरचा एक छोटा तुकडा न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या, टर्मिनलवरून थेट अर्थच्या, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या, टर्मिनलला नेलेला. अर्थची हिरवी वायर कुठेच नाही. वर न्यूट्रलचा स्क्रूही सैल.

"अर्थची वायर आणलीच नाही. न्यूट्रलवरूनच मारलाय."

"असं का करतात?"

"फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि अर्थ यांमध्ये टेस्ट लॅम्प लावला तर पेटतो ना. गिऱ्हाईक खूश, अर्थिंग आहे म्हणतं. पण न्यूट्रल मागे कुठे तुटला की केटलीच्या अंगावर पूर्ण दोनशे तीस व्होल्ट." मग तुच्छतेने म्हणाला, "कोणी केलंय हे?"

"ठाऊक नाही. लायसनवाला असेल का?"

"छे! माझ्यासारखाच कुणीतरी..."

वाक्य तिथेच तुटलं. तो हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते मला जमतं असं मी थोड्या अभिमानाने म्हणेन.

बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "मी पण केलंय हे. दोनदा. अर्थची वायर कमी पडली, काका म्हणाले मार तसंच."

"नाही म्हणता आलं नसतं?"

"कशाच्या जोरावर म्हणणार? कामावर सही काकांचीही नसते. लायसन भलत्याच माणसाचं, तो साइटवर फिरकतही नाही. आम्ही आपले हात."

सागरचं दुखणं मला तेव्हा समजलं. त्याला वाटत होतं की कागद मागणारा त्याच्या हाताचा अपमान करतो. हात चांगलाच होता. डोळे झाकून जोड मारणारा. पण चुकीचं काम समोर आलं तर 'हे मी करणार नाही' म्हणायला त्याच्यापाशी आधार नव्हता. परवान्याने तो मिळतो, कारण मग कामात काही घडलं तर जाब ज्याचा त्याला द्यावा लागतो. त्या दिवसापासून "कोणता कोर्स चांगला?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, पाच वर्षांनी तुला कुठल्या कागदावर सही करायची आहे?

कारण कायद्यात पायऱ्या आहेत. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला परवाना लागत नाही. त्यापलीकडचं वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाकडून करून घ्यायचं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम सांगतात; त्याआधीच्या २०१० च्या विनियमांतही तेच होतं. आपल्याकडे यातल्या परमिटवाल्या पहिल्या पायरीला तारतंत्री, म्हणजे वायरमन, म्हणतात, मग पर्यवेक्षक, मग कंत्राटदार. नुसता 'इलेक्ट्रिशियनचा परवाना' असा एकच कागद नसतो. निम्मा गोंधळ इथेच होतो.

स्वतः हाताने काम करायचं असेल तर आयटीआय हा सरळ रस्ता. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, त्याला विज्ञान-गणितासह दहावी लागते. वायरमन ट्रेडही दोन वर्षांचाच, पण त्याला दहावी पास असणं सक्तीचं नाही, हे पालकांना ठाऊकच नसतं. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीतही हेच दोन ट्रेड मागतात. आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची अट नाही; हे ऐकल्यावर सागरच्या आईने पदराने डोळे पुसले होते. देखरेख, डिझाइन, मोठ्या साइट यांकडे ओढा असेल तर तीन वर्षांचा डिप्लोमा बघा. दहावीनंतर आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, म्हणजे 'आयटीआय केलं की दार बंद' ही भीती खोटी. आणि आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी टाळू नका. विद्यावेतन थोडं असतं, पण कारखान्यातलं पॅनेल वर्गात बघायला मिळत नाही.

तीन-सहा महिन्यांच्या कोर्सवाल्यांच्या जाहिरातींनी मात्र मला राग येतो. कोर्स शिकायला वाईट नसतील. पण 'लायसन मिळेल' असं सांगून पैसे घेणाऱ्याकडे फी भरण्याआधी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात एक चक्कर मारा आणि प्रमाणपत्राचा नमुना दाखवून विचारा, यावर परमिटचा अर्ज चालतो का? अनुभवावर तारतंत्रीची परीक्षा द्यायची असेल तरी आपण बसू शकतो का, अनुभवाचा दाखला कुणाचा लागतो, हे तिथेच विचारायचं. सागरने विचारलं. दाखला द्यायला कोण, तर साइटवर न फिरकणारा तो माणूस. सागर बाहेर आला आणि आयटीआयचा अर्ज भरायला गेला.

माझं सॉकेट त्याने त्याच दिवशी वेगळं करून वर टेप चिकटवली होती. नवी अर्थ वायर तूच टाक म्हटलं, तर म्हणाला, "मी नाही." पुढच्या रविवारी एका परवानाधारक कंत्राटदाराला घेऊन आला, त्याच्या हाताखाली राबला आणि माझ्याकडून मजुरी चोख मोजून घेतली.

आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी बाहेर कामं करतो, पैशाची ओढाताण आहे, काका अजून घुश्शात आहेत. पोरं त्याला दादा म्हणतात आणि जोड कसा मारायचा ते त्यालाच विचारतात. परवा त्याने जिना वायरिंगच्या, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता-विझवता येतो त्या, प्रॅक्टिकल बोर्डाचा फोटो पाठवला. दोन टू-वे स्विच, एक दिवा, वायरी ओळंब्यात. खाली लिहिलं होतं, 'सरांनी मार्क कापले. क्लिपा लांब-लांब मारल्या म्हणे. आमच्या साइटवर याच्या निम्म्याही मारत नव्हतो.' पुढे चिडलेला एक चेहरा होता.