रकाना ‘वडिलांचे नाव’ : शाळांच्या शंका

प्रश्न : ऑनलाइन प्रवेशअर्जात ‘वडिलांचे नाव’ भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकट्या आया तिथेच अडतात. काय बदलावे?

उत्तर : अडलेली आई तिथे ‘एनए’ (लागू नाही) टाइप करते आणि तोच ‘एनए’ पुढे दाखल्यावर छापून येतो. आधी सक्ती काढा. ‘पालक 1’ आणि ‘पालक 2’ असे रकाने करा, दुसरा ऐच्छिक ठेवा. ‘मुलाशी नाते’ यापुढे मोकळी ओळ द्या, म्हणजे आजी, मामा, वसतिगृहाचे अधीक्षक सगळेच मावतात. वडिलांचे नाव का नाही, असे खिडकीवर विचारू नये. अविवाहित आईवर मुलाच्या जन्मदाखल्यासाठी वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितले आहे.

मुलाचे नाव जन्मदाखल्यावर आहे तसे उतरवा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी राज्यात मूल, आई, वडील, आडनाव असा क्रम ठरला आहे. अर्जात ‘मधले नाव’ असा एकच चौकोन असला की कारकून सवयीने वडिलांचे लिहितो, आईचे गळते.

प्रश्न : वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आई-वडील ऊसतोडीला जातात. पालकसभेला कोणी येत नाही.

उत्तर : येणारी आजी असते आणि सूचना तिच्यासाठी लिहिलेली नसते. ‘पालकांनी पाल्याच्या प्रगतीबाबत उपस्थित राहावे’ यातला ‘पाल्य’ तिला कळत नाही, आणि ‘पालक’ म्हणजे आपण नव्हे असे तिला वाटते. असे लिहून पाहा : ‘मूल सध्या ज्यांच्याजवळ राहते, त्यांनी शनिवारी 11 वाजता शाळेत यावे. आजी-आजोबा, काका-काकू, मोठी बहीण, कोणीही चालेल.’ वर्गात ‘आईची सही आण’ऐवजी ‘घरून सही आण’ म्हणा, अंगठाही चालवून घ्या. ‘सध्या मूल कोणाजवळ?’ आणि ‘फोन कोणाला करायचा?’ हे जूनमध्ये एकदा लिहून भागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि टोळ्या परतल्यावर पुन्हा विचारा. नाहीतर मूल तापाने फणफणलेले आणि फोन फडात, असे होते.

प्रश्न : निमंत्रणावर ‘सौ.’ की ‘श्रीमती’?

उत्तर : काहीच नको. ‘श्रीमती’ कोणत्याही स्त्रीला चालतो हे खरे, पण आपल्याकडे तो विधवेच्या नावापुढेच इतका लागला की शेजारी ‘सौ.’ असली की भेद लगेच उघडा पडतो. ‘गं. भा.’ तर नकोच. एका यादीत सगळ्यांना सारखेच, नुसते नाव. शाळेत हळदीकुंकू असेल तर पत्रिकेतून ‘सुवासिनी’ काढा. नुसता शब्द काढून कुंकवाचे ताट मात्र निवडक बायकांपुढेच फिरवले, तर पत्रिका बदलून उपयोग नाही.

प्रश्न : दत्तक मुलाबद्दल बोलताना ‘खरे आई-वडील’ म्हणावे का?

उत्तर : नाही. कायद्यानेही दत्तक घेणारेच आई-वडील. गरज पडलीच तर ‘जन्मदाती आई’ म्हणा. ‘वंशवृक्ष काढा’ या गृहपाठात ही मुले अडकतात. ‘माझ्या घरची माणसे’ असा विषय द्या, चौकटींची संख्या ठरवून देऊ नका.

प्रश्न : एका मुलीला दोन आया आहेत. नोंद कशी करायची?

उत्तर : समलिंगी विवाहाला आपल्याकडे कायद्याची मान्यता नाही, त्यामुळे कागदावर बहुधा एकीचेच नाव असते. रजिस्टरमध्ये कागदाप्रमाणे लिहा. संपर्काच्या आणि मुलीला घरी न्यायच्या यादीत, नोंदीतल्या आईची लेखी संमती घेऊन, दुसरीचेही नाव घाला. मुलगी कोणाला ‘आई’ आणि कोणाला ‘अम्मा’ म्हणते ते विचारून ठेवा, वर्गात तेच वापरा.