गौताळ्यात कस्तूर ऐकू येतो, पण दिसत का नाही?

तुम्ही लिहिलंय, की तीन पावसाळे गौताळ्याच्या जंगलात आलात, झाडीतून सुरेल शीळ ऐकली, पण आवाजाच्या रोखानं गेलात की ती बंद व्हायची. मी कन्नड तालुक्यातलाच आहे. हा डोंगर मला पायाखालचा आहे, म्हणून सांगतो.

आधी तो गाणारा पक्षी दयाळ नव्हता ना, हे बघा. दयाळही गोड गातो, पण शेंड्यावर, उघड्यावर बसून. नारिंगी डोक्याचा कस्तूर पानांच्या आड बसतो. पहाटे आणि दिवस कलताना त्याचा गळा जास्त खुलतो. मधेच बुलबुलाची, शिंपी पक्ष्याची नक्कल करतो, त्यामुळे जाणताही फसतो.

पक्षी साळुंकीपेक्षा किंचित लहान. डोकं आणि पोट नारिंगी, नराची पाठ निळसर राखाडी. आपल्याकडच्या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन उभ्या गडद रेघा असतात. एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यात त्याची वीण असते, म्हणून तो गातो, पण तेव्हा रान इतकं दाट असतं की हातभरावरचं दिसत नाही. थंडीत तो जवळजवळ गप्प होतो, आणि नेमका तेव्हाच सापडतो. सागाची पानं गळून वाळलेली असतात. कस्तूर जमिनीवर चरतो. चोचीनं एकेक पान उलटून खालचे किडे, गांडुळं वेचतो, पिकली फळंही खातो. त्यामुळे जानेवारीत या. नाल्याच्या काठाला, सावलीत, झाडाला पाठ टेकून अर्धा तास बसा. सातभाई पक्षी आले तर सगळा थवा कलकलाट करत पाचोळा उधळतो. कस्तुराचं तसं नसतं. एक पान खसकन वाजतं, मग शांतता, मग पुन्हा एक. त्या आवाजाकडे फक्त नजर वळवा, उठू नका. बिचकला तर फांदीवर जाऊन दगडासारखा निश्चल बसतो.

मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका, विणीत तर मुळीच नको. दुसरा नर हद्दीत घुसला असं वाटून तो सैरभैर होतो.

गौताळा १९८६ साली अभयारण्य झालं, सुमारे २६० चौरस किलोमीटर. तरी फाल्गुन-चैत्रात वणवे लागतातच. झाडं पुन्हा फुटतात, म्हणून लोकांना नुकसान झाल्यासारखं वाटत नाही. पण पाचोळा जळतो आणि त्यातली किड्यांची दुनियाही जळते. मी दरवर्षी बसायचो तो एक नाला असाच जळाला. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत तिथं एकही पान वाजलं नाही. तिसऱ्या वर्षी नवा पाचोळा साठला, आणि सकाळी आठच्या सुमाराला एक मादी पानं उलटताना दिसली. मी ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथून हललो नाही.