लेक मिशनरी नर्स म्हणून मलावीला जायचं म्हणते

ताई, सलाम.

मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आफ्रिकेतल्या मलावीला मिशनरी नर्स म्हणून जायचा हट्ट धरून बसली आहे, आणि नगरहून तुम्ही विचारता: पगार किती, लग्नाचं काय, तिला अडवू का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अडवू नका. पण परीक्षा झाल्या झाल्या पाठवूही नका.

बऱ्याच मिशन संस्थांत नोकरीसारखा ठरलेला पगार नसतो. जाणाऱ्यानेच चर्चच्या मंडळ्यांमधून, नातेवाइकांकडून दरमहा मदतीची वचनं गोळा करायची असतात. त्यातूनच घरभाडं, विमा, तिकिटं. म्हातारपणाची तरतूद लोक हमखास विसरतात. सही करण्याआधी तिने लेखी विचारावं: विमा कोण भरणार? आजारी पडले तर परत आणण्याचा खर्च कुणाचा? असं विचारल्याने विश्वास कमी ठरत नाही, हे पाळकसाहेबांनाही सांगा.

मला पैशापेक्षा भाषेची काळजी जास्त वाटते. मलावीत सरकारी कामकाज इंग्रजीत चालतं, पण पोट नेमकं कुठे आणि कसं दुखतंय हे म्हातारी चिचेवात सांगणार, उत्तरेला गेलात तर तुंबुकात. वॉर्ड सांभाळू शकणारी तुमची हुशार लेक तिथे कित्येक महिने पहिलीच्या पोरासारखी चुकत बोलेल, लोक हसतील, एकटं वाटेल. पाचारणाची, म्हणजे देवाच्या बोलावण्याची, खरी कसोटी तिथे लागते. त्याच देशात रॉबर्ट लॉज हे स्कॉटिश डॉक्टर १८७५ साली चोविशीत पोचले. हिवतापाने सहकारी गेले, मिशनचं ठिकाण दोनदा हलवावं लागलं, तरी ते १९२७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षं, त्या कामात राहिले. तुमची लेक ‘दोन-तीन वर्षं सेवा करून येईन’ म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. ताई, दोन-तीन वर्षांत जेमतेम भाषा बसते.

लग्नाबद्दल खोटा दिलासा देत नाही. बाहेर राहणाऱ्या मुलीला जोडीदार मिळणं अवघड जातं, काहींचं लग्न होतच नाही. पण तुम्ही नगरच्या, म्हणून सिंथिया फरार बाईंची आठवण करून देतो. अमेरिकेहून एकट्या, अविवाहित, १८२७ मध्ये मुंबईत आल्या. आजारपणामुळे मायदेशी परतावं लागलं, तरी १८३९ मध्ये पुन्हा आल्या, या वेळी नगरला. मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडेच घेतलं. १८६२ मध्ये त्या नगरलाच वारल्या. त्यांच्याही घरी कुणीतरी तुमच्यासारखंच काळजी करत बसलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

आता कामाचं. परीक्षा झाली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करून घ्यावी. मग निदान दोन वर्षं मराठी मुलखाबाहेरच्या मिशन हॉस्पिटलात काम करावं, उदाहरणार्थ ओडिशातल्या बिस्समकटकला. तिथे पेशंट आदिवासी, भाषा परकी, रात्रपाळी, साधं जेवण. तिथे तिचं मन रमलं तर मलावीतही रमण्याची आशा धरता येईल. नाही रमलं तर घर निदान देशातच आहे. पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, पण नर्सला पूर्ण पदवीची गरज आहे असं मला वाटत नाही. मलावीच्या नर्सिंग कौन्सिलची वेगळी नोंदणी आणि कामाचा परवाना मात्र हवाच. कुणी ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू’ म्हणालं तर तिथेच नकार द्या.

तिने ज्या संस्थेशी बोलणं चालवलंय तिचं नाव पत्रात नाही. ते आणि कराराचा मसुदा पाठवा, वाचून कळवतो. आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या.