टाळ्या वाजेपर्यंत

"मॅडम, टॅबवर ही वीसपर्यंत आकडे ओळखते, आणि बालवाडीतल्या बाई म्हणतात हिला मोजता येत नाही. खरं काय मानायचं?" माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या बाबांचा राग बालवाडीच्या बाईंवर होता. आई गप्प होती. टॅब देऊन आपणच मुलीचं नुकसान केलं, ही तिची धास्ती.

मुलगी पावणेचार वर्षांची. मी तिला टॅबवर नेहमीचा खेळ लावायला सांगितला. पडद्यावर पाच फुगे आणि खाली चार आकडे. तिने पहिला आकडा दाबला, दुसरा दाबला, तिसऱ्याला टाळ्या वाजल्या. पुढचं चित्र. पुन्हा तेच. फुग्यांकडे तिने एकदाही पाहिलं नाही! बाबा आजवर शेजारच्या खोलीतून फक्त टाळ्या ऐकत होते.

मग मी बटणांचा डबा पुढे केला. "मला पाच दे." तिने मूठभर दिली.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आकडे ओळीने म्हणता येणं वेगळं आणि 'पाच' म्हणजे एवढ्या वस्तू हे कळणं वेगळं. ही समज बहुतेक मुलांना साडेतीन-चारच्या आसपास येते, काहींना थोडी उशिरा.

टॅब बंद करा, असं मी सांगितलं नाही. पूर्वी मी तसं सरसकट सांगायचे. मग आई-बाबा माझ्यासमोर मान डोलवायचे आणि घरी चोरून द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला १ तासाच्या आतच हवा, जितका कमी तितका बरा. ती मर्यादा पाळायचं ठरलं. त्याहून माझा आग्रह होता तो सोबतीचा. बाबांनी शेजारी बसायचं, बोट टेकवण्याआधी "किती फुगे दिसतात गं?" विचारायचं आणि टॅबचा आवाज बंद ठेवायचा. खेळ संपला की तोच खेळ चमच्यांशी, मोज्यांशी, जिन्याच्या पायऱ्यांशी.

"म्हणजे आमचंच काम वाढलं," बाबा म्हणाले. वाढलंच. मी नाही म्हटलं नाही.

दीड महिन्याने तिघं आली. मी पुन्हा पाच बटणं मागितली. तिने माझ्या तळहातावर चार ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी काहीच बोलले नाही. तिने एकेका बटणावर बोट ठेवत पुन्हा मोजलं, डब्यात हात घातला आणि आणखी एक आणून ठेवलं.